भेगेतलं कुंकू

“अंगठा आण,” दुकानदार म्हणाला. माझ्या हाताला हात लागू नये म्हणून त्यानं शाईची डबी फूटपट्टीनं माझ्याकडं ढकलली.

मी शिलाई मशीन विकत घेत होते. पावतीवर सही लागत होती. मी चौथी शिकलेली. गावाकडं, वळसंगच्या शाळेत गुरुजी माझी पाटी वर धरून सगळ्या वर्गाला अक्षर दाखवायचे. सही मला येत होती. त्यानं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. चार माणसांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. अंगठा उमटवला आणि मशीन घेऊन आले. अंगठ्याची शाई दोन दिवस निघाली नाही.

आमचे हे मिलमध्ये मागावर होते. कापसाच्या धुरळ्यानं छाती भरली, तेव्हा मिलनं घरी बसवलं. आता माझ्या शिवणावरच चूल पेटायची होती.

महिनाभरात टाका सुटू लागला. चाक फिरलं की मशीन थरथरायचं, सुई मोडायची. परकराची एक शिवण सरळ येईना. दुकानात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “मशीन चांगलंय. तुझा हात बसलेला नाही.” मी खरं मानलं. स्वतःच्या हाताला दोष देत रोज उसवत बसले.

मग खांडेनवमी आली. मिलमध्ये या दिवशी मागाची पूजा व्हायची. ते खाटेवरून म्हणाले, “तुज्या मशीनला लाव की हळदकुंकू.”

ओलं कुंकू बोटानं लावलं. दसऱ्यानंतर ओल्या फडक्यानं पुसलं. सगळं निघालं, एक रेघ राहिली. मशीनच्या बैठकीपाशी, केसासारखी बारीक. परत पुसलं. रेघ लालच. नखानं खरवडलं तर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला. खाली भेग. काहीतरी भरून बुजवलेली आणि वरून रंगवलेली.

माझा हात बसला होता. मशीनच तडकलेलं होतं.

“वर्साची गॅरंटी हाय,” ते म्हणाले. “घिऊन जा.”

मशीनचं डोकं जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावर घेतलं आणि चालत गेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी ते फळीवर ठेवायला गेले.

“तिथं नाही. पायरीवर ठेव.”

पायरीवर ठेवलं. त्यानं वाकून बघितलं आणि तो हसला.

“कुंकू लावलंस? मशीन आहे का मरीआई? तुम्हा लोकांना चांगली वस्तू वापरायची अक्कल नाही. कुंकवाचं पाणी आत गेलं, लोखंड तडकलं. गॅरंटी संपली.”

नवीन मशीन बघायला आलेली एक बाई म्हणाली, “अशांना विकायचंच कशाला हो?”

सगळे हसले. माझे कान तापले. गाठोडं बांधायला वाकले. उचलताना नजर वर गेली. फळीवर चार नवी मशीनं ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर कुंकवाची पाच बोटं. झेंडूचे हार, सुकलेले.

“तुमच्याबी मशीनींना कुंकू हाय की,” मी म्हणाले.

माझाच आवाज होता. मला ओळखू आला नाही.

“ते दुकानाचं. गॅरंटीचं कार्ड वाच, त्यात लिहिलंय.” मशीनबरोबर मिळालेलं कार्ड मी त्याच्यापुढं सरकवलं. ते इंग्रजीत होतं. त्याला ते ठाऊक होतं. “वाच की, अंगठेबहाद्दर.”

“इंग्रजी येत न्हाय मला. तुमी वाचा. कुंकू लावलं की गॅरंटी जाती, असं जितं लिवलंय तितं बोट ठिवा.”

“चल, नीघ.”

“बोट ठिवा.”

त्यानं बोट ठेवलं नाही. कार्ड माझ्या पायाशी टाकलं. हसणं थांबलं होतं.

“मग बदलून देत न्हाय, असं लिवून द्या.”

“लई शानी झालीस?”

मी पायरीवर बसले. कनवटीची पावती काढली. पुढच्या बाजूला माझा अंगठा होता. फळीवरची त्याची पेन्सिल उचलली आणि पावतीच्या पाठीवर लिहिलं: तडकलेलं मशीन रंगवून विकलं. दुकानदार बदलून देत नाही. कारण विचारलं तर कार्डावर बोट ठेवत नाही. खाली माझं नाव, बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, आधी माझं. मग उभी राहून मोठ्यानं वाचलं. मघाची ती बाई आता पदराच्या टोकानं नव्या मशीनचं कुंकू पुसून बैठक निरखत होती.

मशीन बदलून मिळालं नाही. तसंच डोक्यावर घेऊन परत आले.

“जाऊ दे,” हे म्हणाले. “दुकानं त्यांची हायती.”

“जाऊ देणार न्हाय.”

आजही टाका सुटतो. उसवते, पुन्हा घालते. भेगेतलं कुंकू मी काढलेलं नाही. गॅरंटीचे आठ महिने बाकी आहेत. दर मंगळवारी बाजार असतो, त्या दुकानात उभं राहायला जागा नसते. मला गर्दीची भीती वाटते, म्हणून इतके दिवस मी मंगळवार टाळत होते. आता मंगळवारीच जाणार. मशीन पायरीवर ठेवणार नाही. फळीवर ठेवीन, कार्ड त्याच्या पुढ्यात पसरीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, बोट ठिवा.