प्रमिला वाहुळची टूल लायब्ररी

प्रमिला वाहुळ चिडकी आहे, असं मस्कतच्या वादी कबीर भागातल्या त्या वर्कशॉपमधला कोणीही तुम्हाला सांगेल. वर हसेल. हसायला काय जातंय? नऊ वर्षं ही बाई तिथं सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम बनवते आणि नऊ वर्षांत तिच्या प्रोग्रॅमपायी एकही जॉब भंगारात गेला नाही, हे मात्र कोणी आपण होऊन सांगणार नाही. ते खोदून विचारावं लागतं.

ती वाळूजची. आयटीआयला मशिनिस्टच्या वर्गात चोवीस पोरं आणि ही एकटी. तेव्हापासून तिला सवय लागली, कोणी काही सांगितलं की आधी मोजून बघायचं. घरी याचा त्रास होतो. नवरा अश्विन एका ऑफिसात ड्रॉइंगं काढतो, स्वभावानं थंड; तो म्हणतो, "सोड ना गं." त्या 'सोड ना'नं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेरा वर्षांची रचना शाळेतून आली की आईचा चेहरा बघते आणि तिच्या त्या अडखळत्या मराठीत विचारते, "मम्मी, आज पण तू अँग्री आहे?" आहे बाई, अँग्री आहे. जेवून घे.

यंदाचा राग टूल लायब्ररीवरून होता. ही लायब्ररी म्हणजे कपाट आणि पुस्तकं नव्हेत. मशीन आंधळं असतं; आपण कॉम्प्युटरवर जे लिहून देऊ ते ते निमूट करतं. म्हणून कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं, आपल्याकडे कोणकोणते कटर आहेत, कोणता किती जाड, दात किती, कोणत्या धातूला किती वेगानं फिरवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, होल्डरच्या बाहेर तो किती काढलाय. होल्डर म्हणजे कटरला मुठीत धरणारा जाड लोखंडी तुकडा. ही माहिती खरी असली की कुठं काय आपटणार ते स्क्रीनवर आधीच लाल दिसतं. खोटी असली तर सगळं हिरवंगार दिसतं आणि मशीन जाऊन आपटतं.

वर्कशॉपमध्ये असली लायब्ररी नव्हतीच. ज्याचं मशीन त्याचे नंबर. एकाकडे सात नंबर म्हणजे ड्रिल, दुसऱ्याकडे सात नंबर म्हणजे बारा मिलिमीटरचा कटर. ज्याचं त्याचं कपाट, ज्याची त्याची किल्ली. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मॅनेजर चंद्रशेखर सर तिला म्हणाले, "प्रमिलाताई, लायब्ररी तेवढी बनवून टाका." हे सर मूळ चिंचवडचे. काम हवं असलं की ताई, काम बिघडलं की मॅडम.

"दोन महिने लागतील," ती म्हणाली.

"दोन महिने? अहो, कटर बनवणाऱ्या कंपनीची तयार फाइल मिळते नेटवर. उतरवून घ्यायची. तासाभराचं काम."

"त्या फाइलमध्ये नवा कटर आहे, सर. आपला तीनदा धार लावून आलाय. बाराचा अकरा पॉइंट सहा झालाय. हे त्या फाइलला कोण सांगणार?"

सरांना ते पटलं नाही, पण दुसरं कोणी ते काम करायला तयार नव्हतं. सात आठवडे ती व्हर्नियर घेऊन कपाटांपुढे उभी राहिली. दोनशे शहाऐंशी कटर तिनं हातानं मोजले. प्रत्येक होल्डरवर स्टिकर लावला: नंबर, जाडी, बाहेर किती. आणि सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. कटर होल्डरमधून हलवलात तर मला सांगा. सगळे म्हणाले, हो मॅडम. हो म्हणायलाही काही जात नाही.

त्यात सगळ्यात मोठ्यानं हो म्हणाला होता विल्सनदादा. वसईचा, चोपन्न वर्षांचा, मस्कतमध्ये सव्वीस वर्षं मुरलेला. त्याच्यासारखा हात वर्कशॉपमध्ये दुसरा नाही, हे प्रमिलासुद्धा मानते. कटर चालताना आवाज बदलला की विल्सन न बघता सांगतो, दात गेलाय. आणि लांब काढलेला कटर थरथरायला लागला की तो एकच करतो, जे कोणताही चांगला कारागीर करेल: कटर होल्डरमध्ये आत ढकलतो. आखूड कटर थरथरत नाही, काम गुळगुळीत येतं. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं आणि सव्वीस वर्षं शाबासकी घेतली.

त्या बुधवारी खाबुरा गावाकडच्या एका पाण्याच्या प्लांटमधल्या पंपाचं कव्हर मशीनवर होतं. कठीण स्टेनलेस, आणि आत खोल खड्डा करायचा होता. प्रमिलाच्या लायब्ररीत तो कटर बासष्ट मिलिमीटर बाहेर होता आणि स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. पावणेअकराला मशीनमधून असा आवाज आला की शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली. कटरचं टोक जिथं जायचं तिथंच गेलं होतं, पण वरचा होल्डर कव्हरच्या भिंतीत घुसला होता. कव्हर चिरलं. स्पिंडल, म्हणजे होल्डर फिरवणारा मशीनचा दांडा, वाकडा झाला. दुबईहून इंजिनिअर येईपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून मशीनवर लाल चिठ्ठी लागली.

प्रमिला धावत खाली आली तेव्हा विल्सन सुती चिंधीनं हात पुसत होता. हात कोरडे होते तरी पुसत होता. तिनं काय झालं विचारलं. त्यानं चिंधी उलटी केली आणि पुन्हा पुसायला घेतलं.

गुरुवारी सुट्टीच्या आधी चंद्रशेखर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि कागद पुढे केला. लायब्ररीतली माहिती चुकीची असल्यामुळे अपघात झाला, जबाबदारी प्रोग्रॅमरची, ती मला मान्य आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली तिचं नाव आणि सहीची जागा.

"माहिती चुकीची नव्हती," ती म्हणाली.

"मॅडम, मशीन आपटलंय. आता तुमच्या लायब्ररीची आरती ओवाळू का? रविवारी मालक येणार आहेत, त्यांना काहीतरी दाखवावं लागेल. नुसती फॉर्मॅलिटी आहे, करून टाका सही."

'फॉर्मॅलिटी' या एका शब्दानं तिचे कान गरम झाले. तिचे वडील वाळूजला पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. दोन बोटं गेली तेव्हा साहेब संत्री घेऊन दवाखान्यात आले होते, आणि संत्र्यांखाली कागद. नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणाले. मशीनचं गार्ड मीच काढून ठेवलं होतं, असं त्या कागदावर होतं. वडिलांनी डाव्या हातानं सही केली. पुढं जन्मभर ते कोणीही न विचारता सांगत राहिले, गार्ड मी नव्हतं काढलं. लग्नात सांगायचे, रिक्षात सांगायचे.

"सही मी करणार नाही," ती म्हणाली आणि कागद तिथंच ठेवून निघाली.

पण न करून काय होणार होतं, ते तिला कळत होतं. मार्चमध्ये काँट्रॅक्ट संपतंय. मस्कतमध्ये असली वर्कशॉपं बोटांवर मोजण्याइतकी, आणि याची खबर त्याला जायला एक चहा पुरतो. स्पिंडल मोडणारी बाई असं एकदा नाव पडलं की पुढं कोण उभं करणार? वाळूजपासूनचं वीस वर्षांचं काम एका ओळीत जाणार होतं, आणि ती ओळसुद्धा खोटी.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, विल्सन चर्चहून परतला असेल अशा बेतानं ती त्याच्या फ्लॅटवर गेली. दार इरीननं उघडलं, विल्सनच्या बायकोनं. नाताळला हिच्याच हातचं जेवण दरवर्षी प्रमिलाच्या घरी येतं.

"दादा, कटर आत कोणी ढकलला?" चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं.

विल्सन सोफ्यावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. "मी," तो म्हणाला. "फार थरथरत होता गं. एकवीस मिलिमीटर आत घेतला. लांबी मशीनवर पुन्हा लावली, म्हटलं झालं. होल्डर खाली येईल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि मी काय बजावलं होतं?"

"मी तुला विचारणारच होतो. सरांना म्हटलंसुद्धा, प्रमिलाला विचारतो. तर म्हणाले, तिला विचारलं की ती पुन्हा मोजत बसणार, दोन तास जातील. यल्ला, चालव."

प्रमिलाला हिशेब लागला. "म्हणजे सरांना माहीत आहे."

"पहिल्यापासून."

"आणि बुधवारपासून तुम्ही मूग गिळून बसलाय. माझ्यावर खापर फुटतंय आणि तुम्ही इस्त्रीचे शर्ट घालून प्रार्थना करताय."

"आमच्या पोरीचं, कॅन्डिसचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे," इरीन मधेच म्हणाली. "सर म्हणाले, तोंड उघडलंस तर मार्चमध्ये व्हिसा नाही."

"माझाही मार्चच आहे," प्रमिला म्हणाली. "मलाही पोरगी आहे."

इरीन जेवून जा म्हणाली. प्रमिलाला तिथं पाणीसुद्धा नको होतं. जिना उतरताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सरांचा राग होता तो होताच, पण विल्सनचा जास्त होता. सर तसलेच, त्यांच्याकडून कसली आशा? याला तिनं दादा म्हटलं होतं.

रविवारी दहा वाजता अर्बाब आले. अर्बाब म्हणजे वर्कशॉपचे ओमानी मालक; अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा, बोलणं कमी, हिंदी कामापुरतं. चंद्रशेखर सर त्यांना मशीनपाशी घेऊन गेले आणि समजावू लागले, सॉफ्टवेअरमधली लायब्ररी गलत थी. सहा-सात माणसं कोंडाळं करून उभी होती. विल्सन मागे होता.

"सर, एक मिनिट," प्रमिला म्हणाली. ती आज व्हर्नियर घेऊनच आली होती. लाल चिठ्ठीमुळे कटर अजून जिथल्या तिथं होल्डरमध्ये अडकलेला होता. तिनं आधी होल्डरवरचा स्टिकर अर्बाबना दाखवला, तिच्याच अक्षरातला: बासष्ट. मग वाकून कटर मोजला आणि व्हर्नियर न हलवता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. एक्केचाळीस.

"किसने किया?" अर्बाबनी विचारलं.

आणि बघा, माणूस किती पटकन वळतो. सरांना अर्धा क्षणही लागला नाही. "विल्सन," ते मागे वळून म्हणाले, "हे तू केलंस?" आवाजात काय ते आश्चर्य. खिशातल्या कागदावरचं फक्त नाव बदलायचं होतं.

प्रमिलाला हवं होतं तेच झालं होतं. गप्प राहिली असती तर ती सुटली होती. विल्सन मान खाली घालून उभा होता, आणि दोन रात्री तिनं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण सरांचा तो आश्चर्याचा चेहरा तिच्या डोक्यात गेला.

"आत कोणी घेतला ते नंतर," ती हिंदीत म्हणाली, अर्बाबना समजेल असं सावकाश. "आत घेऊ का, हे कोणाला विचारलं होतं, ते आधी विचारा."

मागच्या बाजूला कॉम्प्रेसर चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"मैंने किया," विल्सन म्हणाला. "सर को पूछके किया. सर बोले, मॅडम को मत पूछो, चलाओ."

सर म्हणाले, असं काही बोलणंच झालं नाही. मग म्हणाले, बोललो असेन, पण अर्थ तसा नव्हता. अर्बाबनी दोघांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि हात झटकला. "खलास. कोई पेपर नहीं. यल्ला, काम." आणि गाडीत बसून निघून गेले. मॅनेजरला ते काही बोलले नाहीत. मालक लोक बोलत नाहीतच.

"चला, मिटलं," चंद्रशेखर सर टाळी वाजवल्यासारखे हात चोळत म्हणाले. "प्रमिलाताई, दोन नंबरच्या मशीनचा प्रोग्रॅम सोडा आता."

"तुमचं मिटलं," ती म्हणाली. "गुरुवारी तुम्ही लिहिलं होतंत माझी चूक म्हणून. टाइप करून, शिक्का मारून. आता चूक नव्हती म्हणून लिहा. तसंच टाइप करून."

"अहो, तो कागद मी फाडतो ना."

"फाडू नका. दुसरा लिहा."

"आणि नाही लिहिला तर?"

प्रमिला जाऊन स्वतःच्या खुर्चीत बसली आणि तिनं हाताची घडी घातली. सरांनी विल्सनला दोन नंबरवर जायला सांगितलं, जुनाच एखादा प्रोग्रॅम चालव म्हणाले. विल्सन मशीनपाशी गेला. त्यानं दार उघडून आत पाहिलं, दार लावलं, आणि तोही हाताची घडी घालून उभा राहिला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही आणि तिनंही त्याच्याकडे बघितलं नाही.

वीस मिनिटं वर्कशॉप तसंच उभं होतं. मग केबिनमधला प्रिंटर वाजला. सरांनी कागद आणून तिच्या टेबलावर ठेवला, आपटल्यासारखा. तिनं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. लायब्ररीतली माहिती बरोबर होती. कटर मॅनेजरच्या तोंडी परवानगीनं सुमारे चाळीस मिलिमीटरवर आणला होता. प्रोग्रॅमरला कळवण्यात आलं नव्हतं. खाली त्यांची सही, आणि तिला मिळाल्याची सही करायला जागा.

तिनं कागद परत सरकवला.

"आता काय राहिलं?" सर म्हणाले.

"सुमारे चाळीस नाही," प्रमिला म्हणाली. "एक्केचाळीस. मोजलंय मी."

सरांनी पेन काढलं, सुमारे चाळीस खोडलं, वर एक्केचाळीस लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली. मग तिनं आपली केली.