गजावरची टकटक

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा रोज सकाळी एका कावळ्याला बोलवत. बोटातली अंगठी खिडकीच्या गजावर टकटक वाजवायचे. तो आला की कधी पोळीचा तुकडा द्यायचे, कधी नुसतेच बघत बसायचे. आईने एकदा टोकलं, तर म्हणाले, "रोज मिळालं की किंमत राहत नाही."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ज्या जनावराला अधूनमधूनच खायला मिळतं ते आशा सोडत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. बाबांना ते न शिकताच येत होतं.

बाबा गेले. दहाव्याला घाटावर एकही कावळा पिंडाला शिवेना. तिथे रोजचाच भात, कावळ्यांना कसली भूक? "आईला सांभाळीन" असं मी हात जोडून सांगितलं, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. "यांचं काहीतरी राहिलंय," एवढंच आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजावर टकटक झाली, अगदी बाबांच्या लयीत. मी खिडकीकडे धावले. तो कावळा चोचीने गज वाजवत होता. आई पदर सावरत उठली.

"अहो, थांबा, आणते."

तेव्हापासून त्याने घास उचलल्याशिवाय ती जेवेना. तो कधी यायचा, कधी नाही. तिला मधुमेह, उपाशी राहिली की हातपाय थरथरायचे. मला भीती वाटायची आणि त्या पाखराचा संतापही यायचा. शेवटी मी खिडकीची काच बंद करून टाकली. सुरुवातीला तो काचेवर वेड्यासारखा चोच आपटायचा, मग हळूहळू यायचा थांबला. आई मुकाट्याने जेवू लागली. सुटले बाई, असं मला वाटलं.

एका रविवारी चहा टाकत होते, तर पुन्हा टकटक. बाहेर आले. काच उघडी होती. आई बाबांची अंगठी घालून गजावर वाजवत होती. शेजारी पान वाढून झाकलेलं.

"आई, जेवून घे. तो नाही येणार."

"येतील," ती म्हणाली. "यांचं जन्मभर असंच. कधी बोलायचे, कधी नाही. मी थांबायचेच ना?"

तिचा हात थरथरत होता. समोरच्या इमारतीच्या टाकीवर कावळा बसला होता. तो आला नाही, उडालाही नाही. नुसताच तिच्याकडे बघत बसला.