नातेवाइकांचे बोल्ट

सबूर मिस्त्रीचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही वेळ लागे. गिऱ्हाइकानं "कधी होईल?" विचारलं की हा म्हणायचा "सबूर!", आणि तेच तीस वर्षं चिकटलं. माणूस गोलमटोल, हात सोन्याचा, गुडघे मात्र पार कामातून गेलेले. खाली बसला की "आई गं", उठला की "मेलो!" त्यावरून घरात चांगलीच जुंपली. "ज्या दिवशी एखादं इंजिन तुमच्या हातून निघणार नाही, त्या दिवशी पाना खाली आणि तुम्ही घरी," बायकोनं बजावलं. मिस्त्रीही तावातावानं "कबूल!" म्हणून बसला. जिभेला काय हाड असतं?

दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. गाडी कसली, चाकं लावलेला बंगलाच तो! बॉनेटवर चार माणसं आरामात पत्ते कुटतील. इंजिन बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बायको डबा घेऊन आली ती परत गेलीच नाही; स्टूल ओढून, हाताची घडी घालून समोर बसली. शेजारी डॉक्टर, चेहरा उतरलेला.

"फार त्रास नाही ना होणार तिला?" त्यांनी विचारलं.

"माझी दाढ काढताना तुम्ही काय म्हणाला होतात? मुंगी चावल्यासारखं वाटेल. तसंच."

त्या दाढेला पाऊण तास लागला होता.

बॉनेट उतरलं, तेल-पाणी काढलं, रेडिएटर भिंतीला टेकला, वायरी-पाइप सुटे झाले. मग आले इंजिनाला गिअरबॉक्सशी बांधून ठेवणारे बोल्ट. इथे मिस्त्रीची एक तऱ्हा होती. कागदावर टिपून ठेवणं त्याला कमीपणाचं वाटे. प्रत्येक बोल्टाला त्यानं एकेक नातेवाईक वाटून दिला होता आणि सोडवताना तो मोठ्यानं हाका मारी. "या मावशी!" मावशी अलगद आल्या. "सासरेबुवा, किती कुरकुर?" सासरे कुरकुरत निघाले. थोरल्या भावाला गंज चढलेला. त्याला तेल पाजलं, दोन शिव्या दिल्या, तेव्हा कुठे तो हलला. आत्या, काका, साडू, सगळे ताटलीत जमले.

"झालं!" म्हणत मिस्त्रीनं छताच्या तुळईला टांगलेली चेनपुली इंजिनाला अडकवली आणि साखळी ओढू लागला.

"अहो, गाडी उठतेय!" डॉक्टर ओरडले.

"गाडी नाही, इंजिन."

"चाक जमिनीवरून सुटलंय हो!"

खरंच की! गाडीचं तोंड वर, शेपूट खाली. मिस्त्रीनं ती घाईघाईनं उतरवली. खाली वाकला, आडवा झाला, आई गं, मेलो, पुन्हा आडवा झाला. मावशीपासून साडूपर्यंत तीनदा मोजदाद केली. सगळे हजर, तरी इंजिन ढिम्म हलेना. शेवटी तो एका जुन्या टायरवर मटकन बसला. उद्यापासून खिडकीपाशी खुर्ची, हातात वर्तमानपत्र, आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातची. त्याला चक्क रडू येईल असं वाटलं.

बायकोला मात्र सगळं पहिल्यापासूनच कळलं होतं. नातेवाइकांची ही यादी तिनं तीस वर्षं ऐकली होती, मिस्त्री झोपेत बरळायचा तेव्हासुद्धा. गेल्या रविवारी तिच्या भावानं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "दाजी गाड्या दुरुस्त करतात, की गाड्या दाजींना?" मिस्त्रीनं तेव्हाच शपथ घेतली, या मेहुण्याचं नाव म्हणून तोंडून काढायचं नाही. आणि पठ्ठ्यानं ती पाळली होती! आता तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

"माझा भाऊ कुठाय?" ती म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

"नाव नका काढू. बोल्ट काढा."

मिस्त्री टायरवरून ताडकन उठला. मग इंजिनावर पालथा पडून त्यानं मागे, वरच्या अंगाला, जिथं नजर पोचत नाही तिथं हात घातला. "सापडला मेला! लपून बसलाय बघ कसा!" मेहुण्याला त्यानं सावकाश, चवीनं पिळून काढलं. या खेपेला साखळी ओढताच इंजिन डुलत डुलत वर आलं आणि डॉक्टरांनी टाळ्या पिटल्या.

डॉक्टर गेल्यावर मिस्त्री हात धुऊन आला. बायको डबा उघडत होती.

"गप्प राहिली असतीस तर जिंकली असतीस," तो हळूच म्हणाला.

"राहणारच होते," ती म्हणाली. "पण त्या टायरवर बसलात तेव्हा तुमचं तोंड बघितलं. तसलं तोंड घरी नेऊन मी काय करू?"