पातेल्याचा तळ

प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे पळीमावशी म्हणत. बावीस वर्षं तिच्या हातात एकच लांब दांड्याची पळी होती. मध्ये दांडा निखळला, तो तिने तारेने बांधून घेतला. नवी पळी आली ती कपाटातच राहिली.

तिची एक रीत होती. डाळ शिजली की पातेलं उतरवायचं, अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि ढवळायचं नाही. कुणी हात लावला तर ती अंगावर यायची. मग वरची पिवळी निवळ अलगद काढून वाट्यांत भरायची. ओल्या बाळंतिणीचं पोट नाजूक, तिला हलकंच द्यावं, असं तिला पहिल्या दिवशी जुन्या स्वयंपाकिणीने सांगितलं होतं. तिने ते गाठीला बांधलं. घरी निघालेल्या प्रत्येक बाईला ती दारात थांबवून सांगे, बाळ सहा महिन्यांचं झालं की अंगावरच्या दुधाबरोबर डाळीची निवळ सुरू कर. दाट देऊ नकोस, बाधेल.

तळाची दाट डाळ उरायची. एकेक वाटी दोघी आयांना, एक रखवालदाराला. बाकीची तिच्या डब्यात. मुलगा रांगत होता तेव्हापासून तो डबा घरी जात होता. मुलगा दाराएवढा झाला. इथलं अन्न तुमच्याच घरी अंगी लागतं, असं आया चिडवत आणि तीही हसत असे. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. तिची पोर याच प्रसूतिगृहात जन्मली. आता नऊ महिन्यांची होती, पण उचलली की उशीच्या अभ्र्यासारखी हलकी लागायची. शिंपीण मशीनवरून उठून दिवसातून सहा वेळा तिला निवळीची वाटी पाजायची. तिची सासू जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमची सूनबाई मशीनला वेळेवर तेल घालते, पोरीचं काय ते विचारू नका. पळीमावशी हे ऐकत वर चढायची. तिलाही वाटायचं, पोरगी कामात असते, कुठेतरी हयगय होत असेल.

मग प्रसूतिगृहात आहार बघायला एक नव्या बाई आल्या. वय मावशीच्या मुलाएवढं. पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या, वाटीतली निवळ चमच्यात घेतली आणि चमचा तिरका केला. निवळ ओट्यावर सांडली. मग त्यांनी पातेल्याच्या तळातून चमचाभर डाळ घेतली, दाबून मऊ केली आणि पुन्हा चमचा तिरका केला. डाळ जागची हलली नाही.

"मावशी, चमच्यात राहतं ते बाळाचं अन्न," त्या म्हणाल्या. "सांडतं त्यानं नुसतं पोट भरतं."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मावशीला भांडता तरी आलं असतं. बाईंनी पुढे शांतपणे सांगितलं. बाळाला डाळ घोटून, वर चमचाभर तेल घालून. उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं, शिजवून बारीक केलेली पालेभाजी. बाळंतिणीलाही दाट डाळ, अंडी, पालेभाजी, शेंगदाणे. तिचं शरीर झिजलेलं असतं, त्याला पाणी पाजून काय होणार. मग सहज विचारलं, ही खालची डाळ कुठे जाते?

आयांनी खाली पाहिलं. डबा ओट्यावरच होता, झाकण उघडं.

"वाया नाही जात," मावशी म्हणाली.

मंगळवारी वजनाचा दिवस होता. शिंपीण पोरीला घेऊन आली, सोबत सासू. काटा दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्यावरच थांबला. बाईंनी विचारलं, काय काय भरवता? मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. शिंपिणीने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घालून म्हणाली, माझंच लक्ष कमी पडतं. सासूने मोठा सुस्कारा सोडला.

शिंपिणीने मावशीला वाचवलं होतं. आणि ती वाचली. ट्रे घेऊन परत आली, कप विसळले, पुन्हा विसळले. बाईंनी शिंपिणीला सगळं समजावून सांगितल्याचं आयांकडून तिला कळलं. म्हणजे पोर आता सुधारेल. आपण गप्प राहिलो तरी सुधारेल. हा विचार आला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी ती थेट वर गेली नाही. खालच्या मजल्यावर दार वाजवलं. सासूने उघडलं. आत मशीन चालू होती. मावशीने उंबऱ्यातूनच सांगितलं, मशीन थांबेपर्यंत दोनदा सांगितलं.

"काकू, सूनबाईनं हयगय नाही केली. मी सांगितलं तेच केलं तिनं. निवळ पाज म्हणून मीच सांगितलं. चूक माझी आहे."

म्हातारीला हे पटायला वेळ लागला. तिने मावशीला खालून वर न्याहाळलं.

"अहो, पण तुमचा मुलगा तर चांगला उंचापुरा. त्यालाही निवळच पाजलीत ना?"

मावशीच्या हातात डबा होता. आज तो भरून आणायला हात झाला नव्हता, तरी सवयीने उचलला होता. रिकामा डबा तिने पदराखाली घेतला.

"नाही," ती म्हणाली. "त्याला तळाचं दिलं."

शिंपीण मशीनवरून उठली. तिने ताटलीत डाळ काढली, बोटांनी घोटली, पोरीला मांडीवर घेतलं. पहिला चमचा पोरीने जिभेने बाहेर ढकलला. दुसरा गिळला. सासू, जिची जीभ जिन्यात कधी थांबली नव्हती, ती आत गेली आणि पोरीसाठी अंडं उकडायला ठेवलं.

"बसा ना मावशी," शिंपीण म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली.

मावशीला बसवलं नाही. ती जिना चढली. बावीस वर्षांत दारात थांबवलेल्या बायकांचे चेहरे तिला आठवत होते, पत्ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने पातेलं उतरवलं आणि पळी तळापर्यंत घालून ढवळलं. तारेने बांधलेला दांडा जड डाळीला टिकला नाही.