पुढच्या स्टेशनचं तेल

कारखान्यात तिला सगळे हेडबाई म्हणत. शाळेशी तिचा संबंध फारसा कधी आला नव्हता, आणि जो आला तो दोघांनाही मानवला नव्हता. पण मोटारीच्या इंजिनावर जो जड वरचा भाग बसतो त्याला हेड म्हणतात आणि तो बसवणं हे तिचं काम, एवढं निमित्त टोपणनाव ठेवणाऱ्यांना पुरलं.

त्या कारखान्यात इंजिनं जन्माला येत. एका टोकाला भट्टीत धातू वितळवून ठोकळे ओतायचे, मग यंत्रांवर त्यांची भोकं आरशासारखी गुळगुळीत करायची, आणि तिथून ते ठोकळे सरकत्या पट्ट्यावर चढून एकेका माणसासमोरून जायचे. प्रत्येकाच्या जागेला स्टेशन म्हणत. आपल्या स्टेशनचं काम करायचं आणि इंजिन पुढे सोडायचं. हेडबाई बोल्ट आवळायची. आधी मधले, मग कडेचे, एका दमात नाही तर फेऱ्याफेऱ्यांनी, पुरेसं आवळल्याची खूण म्हणून हातातला पाना 'कट' असा बोलेपर्यंत. एकच कडा आधी आवळली की हेड तिरकं बसतं आणि पुढे कधीतरी इंजिन दगा देतं. ही रीत तिच्या इतकी हाडीमाशी खिळली होती की घरी भिंतीला फळी ठोकतानाही ती स्क्रू फेऱ्यांनीच पिळायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, फळीवर डबे ठेवायचेत, ती कुठे पळणार आहे?"

ही नोकरी तिला मिळाली ती धाकट्या दिरामुळे. नवरा गेला तेव्हा मुलगी अजून रांगत होती. दीर टॅक्सी चालवायचा. इंजिनाच्या कारखान्यात बायकांनाही घेतात हे त्याने कुठल्याशा गिऱ्हाइकाकडून ऐकलं आणि वहिनीला टॅक्सीत बसवून थेट फाटकाशी नेलं. मुलाखत संपेपर्यंत दिवसभर भाडं सोडून तो बाहेर उभा होता. पुढेही कंपनीची बस सुरू होईपर्यंत रोज पहाटे त्यानेच तिला सोडलं. ती आभार मानायला लागली की हा पठ्ठ्या रेडिओ मोठा करायचा. बोलायची सोयच ठेवली नव्हती त्याने.

म्हणून, यंदा त्याची पाठ धरली आणि त्याचा नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला, तेव्हा टॅक्सीची सर्व्हिस आपण करायची असं हेडबाईने ठरवलं. दिराने आढेवेढे घेतले. ती म्हणाली, "भावजी, मी इंजिनं बनवते. एक धुता-पुसता येणार नाही होय?"

सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचला. गाडीखाली शिरून इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा बोल्ट सोडला, काळंकुट्ट जुनं तेल तसराळ्यात उतरू दिलं. तेलाचा फिल्टर बदलला, हवेचा झटकून साफ केला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं. चेंबरचा बोल्ट परत लावून पाना 'कट' म्हणेपर्यंत आवळला. सगळं फडक्याने असं लख्ख पुसलं की सासूबाईसुद्धा बघायला बाहेर आल्या. मग तिने किल्ली दिराच्या हातात ठेवली. इतक्या वर्षांनी आपल्या हातून त्याच्यासाठी काहीतरी झालं, या समाधानात ती निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या स्टेशनवर उभी होती. एका इंजिनाचे बोल्ट आवळून झाले, तिने ते नेहमीसारखं पुढे सोडलं, आणि सहज तिच्या मनात आलं, चाललं बिचारं कोरडंच, तेल पुढे कुठेतरी पडेल.

तेल.

जुनं तेल काढलं होतं. नवीन घातलंच नव्हतं. डबा टॅक्सीच्या डिकीत होता, ती डिकी तिने उघडलीसुद्धा नव्हती. तिच्या सगळ्या नोकरीत इंजिनात तेल घालणं हे नेहमी पुढच्या कुणाचं तरी काम होतं, आणि घरी पुढे कुणीच नव्हतं. टॅक्सीतला तेलाचा लाल दिवा तर कधीचा बिघडलेला. कोरडं इंजिन चौकापलीकडे गेलं तरी आतलं लोखंड लोखंडाला चिकटून बसतं, आणि त्या एका इंजिनावर अख्ख्या घराची चूल होती.

लाइन थांबवायची दोरी तिने आजवर कधी ओढली नव्हती. ती ओढली. भोंगा वाजला, पट्टा थांबला, आणि ती फोन ठेवलेल्या लॉकरकडे धावली.

दिराने फोन उचलला. त्याच्या आवाजाआधी तिला मागून इंजिन ऐकू आलं, एकसुरात, शांत चाललेलं. तिचे डोळे भरून आले.

"भावजी, तेल..."

"घातलं, वहिनी. दिवा बंद आहे ना, मी रोज निघण्याआधी तेल मोजायची पट्टी काढून बघतो. कोरडी ठणठणीत होती."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमचं कामात मन लागलं नसतं. गिऱ्हाईक बसलंय, ठेवतो."

सुपरवायझरने लाइन का थांबवली असं विचारलं. तिने खरं ते सांगितलं. आधी तो हसला, मग तिचे भरलेले डोळे बघून त्याने तिला पाणी आणून दिलं. लाइनभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. इंजिनं बनवणारीच तेल विसरली, ही गंमत लोक वर्षभर पुरवून खाणार हे तिला दिसतच होतं. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला आज कुणावरही रागावता आलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनकडे न जाता पट्ट्याच्या कडेने पुढे चालत गेली. तेलाच्या नळीपाशी एक हडकुळा माणूस हातमोजे काढत होता. त्याला तिने कँटीनच्या रांगेत शेकडो वेळा पाहिलं होतं. तो काय काम करतो हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"इतकी वर्षं मी सगळी इंजिनं कोरडी पुढे पाठवली. तुम्ही होतात म्हणून जगली."

तो ओशाळला. नळी पुसलेलीच होती, ती त्याने पुन्हा पुसली. मग पट्ट्याच्या पुढच्या टोकाकडे बघत म्हणाला, "मी तेल घालतो, पण तेलाचं झाकण पुढचा लावतो. त्याला मीही कधी भेटलेलो नाही."

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि दोघंही त्याला शोधायला पुढे निघाले.