उभ्याने झाडलेलं अंगण

सगुणाकाकी अंगण उभ्याने झाडायची. खराट्याच्या मुठीला तिने डोक्याइतका उंच बांबू सुतळीने आवळून बांधला होता. तो दोन्ही हातांनी धरून ती पाला ओढत नेई आणि पाठीला तसूभरही बाक येऊ देत नसे. निमोण्याजवळच्या आमच्या वस्तीवर लग्न होऊन आलेली प्रत्येक नवी सून हे बघून पदराआड हसायची. काही दिवसांनी तिचं हसणं थांबायचं. तिचा स्वतःचा खराटा मात्र आखूडच राहायचा.

काकी आमच्या शेजारची. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन यवतला गेली, मुलगा दत्तू रांजणगावच्या कंपनीत लागला आणि घर, गोठा, शेत तिच्या एकटीच्या अंगावर आलं. त्याच वर्षांत आमच्याकडे कालव्याचं पाणी फिरलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. तो जंगलातून आलेला नव्हता. आमच्याच उसात जन्मला आणि आमच्याच कुत्र्यांवर वाढला. सगळ्या वस्तीला तो पाहुणा वाटत होता, तेव्हा काकी म्हणाली, "पाव्हणा कसला? हितलाच हाय त्यो. आता आपुन कसं ऱ्हायाचं ते बघा."

कसं राहायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. अंगणात वाकायचं नाही. धुण्याचा दगड तिने विटांवर चढवून कमरेएवढा केला. बादली ठेवायला कट्टा बांधून घेतला. दत्तूला घराच्या रंगाआधी संडास बांधायला लावला. धार काढायला बसावंच लागतं, म्हणून गोठ्याचं दार आतून लावून ती गाईखाली बसायची. मी लहानपणी तिच्या अंगणात सागरगोटे खेळायला बसले की ती हाताला धरून उठवायची. "उठ. त्यो खाली बघत चालतो. जे त्याच्याएवढं, ते त्याचं. आपुन त्याला माणूस दिसलो पायजे."

कुत्र्याच्या बाबतीत तर ती निर्दय होती. वस्तीवर घरटी दोन कुत्री, राखणीला म्हणून. काकीच्या दारात पिलू आलं की ढेकूळ बसलंच. "कुत्रं पाळायचं म्हंजी त्याला जेवायचं आवतान धाडायचं," असं ती म्हणायची. माझी आई तिला यावरून दगडाच्या काळजाची म्हणायची. काकीला ते कळलं होतं आणि तिची हरकत नव्हती.

घरामागे काकीची स्वतःची जमीन होती. भिंतीपासून बैलगाडी वळेल एवढी पट्टी तिने मोकळी सोडली होती. तिथे मेथी, कोथिंबीर, फार तर कांदा. घोट्याच्या वर जाईल असं काही नाही. घराच्या पश्चिमेला मात्र तिच्या धाकट्या दिराचं, आप्पांचं रान होतं आणि त्यांचा ऊस तिच्या न्हाणीच्या भिंतीला घासायचा. वाऱ्यात पानांचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची. तिचं मागणं एकच होतं. आप्पांनीही घराच्या बाजूने तेवढीच पट्टी सोडावी. ते मागण्यात तिची कितीतरी वर्षं गेली.

एका ग्रामसभेत वनखात्याची माणसं आली होती. त्यांनी शेळ्या बंदिस्त ठेवा, उकिरडा घरापासून लांब न्या, असं समजावून सांगितलं. लोकांना ते ऐकायचं नव्हतं, लोकांना पिंजरा हवा होता. तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून काकी उभी राहिली आणि म्हणाली, आधी घराच्या कडेचा ऊस मागं घ्या. सभेत हशा पिकला. गावातले मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणातले म्हणून पुढे बसलेले आप्पा वळून म्हणाले, "वैनी, उसाला कान हायेत का? त्याला कसं सांगू, मागं सर म्हणून?"

"उसाला न्हाई भावजी, तुमाला सांगतीया," काकी म्हणाली. "तुमाला हायेत न्हवं?"

हशा पुन्हा झाला, या वेळी आप्पांवर. पण ठराव पिंजऱ्याचा झाला. पिंजरा आला, त्यात शेळी बांधली, बिबट्या अडकला. लोकांनी फोटो काढले, कुणीतरी फटाके वाजवले. काकी बघायलाही गेली नाही. "एक न्हेला, जागा ऱ्हायली," एवढंच बोलली. पुढच्या तोडणीत तिच्याच वाटेवर नवे ठसे उमटले.

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. वडील चळवळीतले. भाकरीच्या टोपलीखालीसुद्धा जुनं पत्रक अंथरलेलं असायचं. मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्यावरच. दिवसा वीज द्या ही मागणी मी बोलायला लागायच्या आधीपासून छापली जात होती आणि माणसं रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला, अंधारात दारं धरायला जातच होती. कॉलेजात असताना मीही मोकळ्या पट्टीवर एक पत्रक लिहिलं. उसाच्या टनाची किंमत आहे, माणसाच्या अंगणाची का नाही, असं बरंच काही. शिरूरहून छापून आणलं आणि काकीला ओसरीवर वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"लय चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "पर मला कशाला वाचून दावती? मला म्हाईत हाय. आप्पाला दाव."

आप्पांनी वाचलं. पोरगी हुशार आहे म्हणाले, चहा पाजला आणि त्या हंगामात उसाची लागण न्हाणीच्या पायरीपर्यंत आणली.

मग काकीची पाठ गेली. पडली नाही, काही झालं नाही, हळूहळू वाकत गेली. शिरूरच्या डॉक्टरांनी मणके झिजल्याचं सांगितलं आणि पट्टा दिला. पट्ट्याने कळ कमी झाली, उंची परत आली नाही. काठी घेतली तरी नजर जमिनीवरच. एका संध्याकाळी मी गेले तर ती भिंतीवर पडलेल्या स्वतःच्या सावलीकडे मान तिरपी करून बघत होती. मला म्हणाली, "कालवडीएवढी झाले गं."

दुसऱ्या दिवशी तिने दत्तूला बजावलं, आता दिवस कलला की मला बाहेर सोडू नको. दत्तू हसला. ती हसली नाही. नियम तिचाच होता आणि तो तिने स्वतःला लावला. दत्तूने ओसरीला लोखंडी जाळी बसवली. पुढे दिवसाउजेडीही बिबट्या दिसायला लागला, तसं तिने सकाळचं बाहेर पडणंही सोडलं. जन्मभर जे अंगण राखलं ते ती जाळीतून बघत बसायची. दत्तू आणि सून दोघंही शिफ्टला. पाला साचला, गवत माजलं. बांबूचा खराटा कोपऱ्यात उभा होता.

त्या दिवसांत तिने एक पिलू आत घेतलं. मी पाहिलं तेव्हा ते तिच्या पदराचं टोक चघळत होतं. तीच म्हणाली, "बोलायला कुणी नसतं दिसभर." त्याला तिने नाव ठेवलं नव्हतं. बहुतेक तेवढाच नियम शिल्लक ठेवला होता.

पिलू वाढलं आणि एका संध्याकाळी जाळीच्या खालच्या फटीतून अंगणात गेलं. न्हाणीकडचा ऊस हलला. नंतर मी गेले तेव्हा काकी तिच्या जागी बसली होती आणि मांडीवर ताटली होती. ती वाजवून वाजवून तिचा काठ चेपला होता.

"मी वराडले," ती म्हणाली. "ताट वाजिवलं. त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. मग सावकाश पिलू उचाललं आन् गेला." ती ताटलीचा काठ बोटाने चाचपत राहिली. "मी माणूस हाय, हे त्याला कळलंच न्हाई."

त्यानंतर दत्तूने तिला यवतला, तिच्या लेकीकडे नेऊन सोडलं. हायवेला लागून दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीत एक खुर्ची आणि खाली ट्रकांचा आवाज. मी तेव्हा पुण्यात राहत होते, तिथून एसटीने तिला भेटायला गेले. तिने घरच्या कुणाचीही चौकशी केली नाही. पट्टी मोकळी आहे ना, एवढंच विचारलं.

मी आदल्याच आठवड्यात गावी जाऊन आले होते. दत्तूला विचारलंही होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आई आता इथं नाही, मेथी लावायला कुणी नाही, पट्टी पडीक ठेवून काय करू. मी चिडले, भांडले. तो ऐकून घेऊन शिफ्टला गेला.

"दत्तूनं ऊस लावलाय, काकी," मी म्हणाले.

ती रडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं होतं.

"केवढा आलाय?"

मी हात कमरेशी धरून दाखवला. खुर्चीत वाकून बसलेली काकी त्या हाताकडे बघत राहिली. "म्हंजी माझ्याएवढा," ती म्हणाली. "आता त्यो वाढंल."

तो ऊस तुटण्याआधीच ती गेली. झोपेत, कुणाला न कळता. यवतच्या त्या घराला अंगण नव्हतं, म्हणून तिला खाली पार्किंगमध्ये उतरवून ठेवलं आणि मग गावी आणलं. दहाव्याला सगळी वस्ती जमली. आप्पा हात जोडून म्हणाले, वैनीसारखी बाई होणे नाही. त्यांच्या मागे न्हाणीला खेटून ऊस उभा होता, घरामागे भिंतीला खेटून दत्तूचा. घराला आता एकच बाजू उरली होती, रस्त्याकडची.

पंगती उठल्या. दिवस कलला तशा बायका अंगणात खाली बसून भांडी घासायला लागल्या. उकिडव्या, वाकून, पाठी उसाकडे. एकीचं लहान मूल शेजारी मातीत खेळत होतं. मी म्हणाले, उठा, कट्ट्यावर घासा. कट्ट्यावर चपलांचा ढीग होता. कुणी मान वर केली नाही.

कोपऱ्यातला खराटा मी शोधला. बांबू सोडून कुणीतरी मांडवाला लावला होता. मग मी तशीच जाऊन बायकांच्या आणि उसाच्या मधे उभी राहिले, होता होईल तेवढी ताठ.

"अगं, पाव्हणी असल्यागत उभी काय?" एक जण म्हणाली. "बस की खाली."

भांडी संपेपर्यंत मी बसले नाही.