काऊचं पदार्थविज्ञान

अर्धे कपडे दोरीवर, अर्धे अजून बादलीत, आणि काऊ गच्चीवर बाबांच्या निळ्या सदऱ्यासमोर खांबासारखी उभी. सदऱ्याचे खांदे उन्हाने वाळले होते, खालचा घेर अजून ठिबकत होता. वर फिका निळा, खाली शाईसारखा गडद. सदरा एक, रंग एक, मग दिसायला दोन का? तिने ओल्या भागावर बोट फिरवलं, मग वाळलेल्या भागावर. बोटाला कुठलाच रंग लागला नाही.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. बोलायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडी एकच शब्द, 'का?' एकाचं उत्तर देऊन समोरचा श्वास घेतो न घेतो तोच दुसरा 'का' हजर. "देवाने पोर म्हणून कावळा धाडला की काय," असं आत्या एकदा म्हणाली आणि कावळ्याची काऊ झाली. आई गेल्यापासून घर आत्याच्याच हाती होतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त 'का' तिच्याच वाट्याला आले. अगदीच टेकीला आली की ती म्हणे, "देवाला माहीत!" त्यावर काऊ विचारी, "देवाला कोणी सांगितलं?"

आज मात्र काऊलाच उत्तर द्यायचं होतं. दुपारी कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत मुख्य विषय सांगायचा होता, रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान. एकदा सांगितला की तीन वर्षं तोच, मागे फिरणं नाही.

"अगं काऊ, कपडे वाळत घालतेस की त्यांना गोष्टी सांगतेस?" खालून आत्याची हाक आली.

काऊ सदरा दोरीवरून ओढून तसाच खाली घेऊन आली. स्वयंपाकघरात बाबा चहा पीत होते. कापड रंगवायच्या कारखान्यात ते रंग कालवायचं काम करत. आज दुपारपाळी होती, म्हणून सकाळचे घरी.

"ठरलं का?" बाबांनी विचारलं. "मी सांगतो, रसायन घे. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोरी बसतात, पंख्याखाली. साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय मी."

"अजिबात नाही," आत्या कढई घासता घासता म्हणाली. "ती पदार्थविज्ञानच घेणार. दोन दिवस मी काय भिंतीशी बोलतेय?"

"ताई, तुला एवढा पुळका का त्या विषयाचा?"

"का म्हणजे? पोरीला चार गोष्टी करून खाता यायला नकोत? आता बघ, दूध तापत ठेवते आणि ते वर का येतं हे बघत बसते. समोर उतू जातं तरी हलत नाही! तिथे नीट शिकवतील. शेजारच्या शिंपीणबाईंनासुद्धा मी सांगून ठेवलंय, आमची काऊ पदार्थ शिकायला जाणार."

बाबांचा कप ओठाशीच थांबला. काऊने डोक्याला हात लावला. 'पदार्थविज्ञान' हा जुना शब्द तिने शाळेतल्या म्हाताऱ्या सरांकडून उचलला होता. भौतिकशास्त्र म्हणाली असती तर ही वेळ आली नसती.

"आत्या, त्यातला पदार्थ खायचा नसतो गं. पदार्थ म्हणजे वस्तू. लोखंड, पाणी, हवा, उजेड कसा पडतो, वजन कसं..."

"हवा?" कढई आत्याच्या हातातच राहिली. "मग मी दोन दिवस देवाला साकडं घालतेय ते कशासाठी?"

"लोखंडासाठी!" बाबांना हसता हसता ठसका लागला.

आत्या फुरंगटली. "हसा. मग घे बाई रसायनच. निदान घरचा साबण तरी करशील."

घरात तिच्या बाजूने एकच माणूस होतं, तेही आता पलीकडे गेलं. आणि ऑफिस काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. तिने सदरा बाबांसमोर धरला.

"बाबा, हा खाली गडद का?"

"ओला आहे म्हणून."

"ओलं झाल्यावर गडद का दिसतं?"

"झाली सुरू! अगं, दिसतं. म्हणून तर आमच्याकडे ओल्या कापडावर कोणी मत देत नाही. साहेब असो नाहीतर मुकादम, कापड वाळल्याशिवाय रंग बरा की वाईट, तोंडातून काढायचं नाही."

"पण रंग तोच ना? पाण्याने त्यात काही बदल होतो?"

"पक्का रंग आहे, मी स्वतः कालवलेला. त्याला काय धाड भरलीय बदलायला?"

"मग रंग बदलत नाही, तर बदलतं काय?" काऊने ओला घेर खिडकीकडे केला. "पाणी भरलं की उजेड आत जाऊन तिथेच अडकत असेल का? आपल्याकडे कमी परत येत असेल? बाबा, मला हे रंगाला नाही विचारायचं. उजेडाला विचारायचंय."

बाबांनी सदरा हातात घेऊन खिडकीकडे धरला. आयुष्य या कामात गेलं, पण ओलं कापड असं उजेडाकडे धरून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"उजेड देवाचाच," आत्या हळूच म्हणाली. तिचा राग निवळत होता. "त्याची विचारपूस करायलाही कोणीतरी हवंच की."

"आणि साहेबांना मी काय सांगू?" बाबा म्हणाले.

"सांगा, पोरगी ऐकत नाही."

"ते त्यांना कळेलच." त्यांनी सदरा तिच्या खांद्यावर टाकला. "जा. घे तुझं पदार्थविज्ञान. बरं की वाईट, ते मी आत्ता बोलत नाही. वाळू दे आधी. पण दुसरा विषय रसायन ठेव, माझ्यासाठी."

"ठेवते! तेही हवंच होतं मला."

"आणि बादलीतलं कोण वाळत घालणार?" आत्याने पदराला हात पुसले. "राहू दे, मी बघते. येताना तेवढे कपड्यांचे चिमटे आण, निम्मे मोडलेत. तू नीघ, नाहीतर ऑफिसच्या दाराशी उभी राहून कुलूप कसं लागतं ते बघत बसशील."

काऊने सदरा आत्याच्या हाती दिला आणि चपला घातल्या. कॉलेजात जाऊन विषय सांगायचा, आणि येताना कपड्यांचे चिमटे आणायचे.